मालकिणीची गूळतुला

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अंगणवाडीच्या बाईनं गोड बोलावं, सदा हसतमुख असावं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पहिल्या दिवशी मी दिवसभर हसतमुख राहून पाहिलं. संध्याकाळी गाल दुखायला लागले आणि घरी जाऊन नवऱ्यावर उगीचच ओरडले, तेव्हा कुठे बरं वाटलं. मग मी तो नाद सोडला. लेकरांशी गोड बोलायचं आणि त्यांच्या घरच्यांशी भांडायचं, अशी कामाची वाटणी करून टाकली.

भांडण्यातही एक अडचण होती. आमचं गाव बीडहून चौसाळ्याला जाताना रस्त्यावर लागतं आणि मी त्या गावची सून. म्हणजे अर्धं गाव मला सासऱ्याच्या जागी आणि उरलेलं दिराच्या. वडीलधाऱ्यांसमोर पदर डोक्यावरून घसरता कामा नये. त्यामुळे एका हातानं पदर धरायचा आणि दुसऱ्या हातानं मुद्दा पटवायचा, अशी माझी कसरत चालायची. दोन्ही हात मोकळे असते तर गावातलं निम्मं कुपोषण मी वर्षभरात हटवलं असतं, असं मी अजूनही म्हणते. नवरा म्हणतो, निम्मं गावही हटलं असतं.

ही हकिगत चार-पाच वर्षांपूर्वीची. गावातलं सगळ्यात मोठं किराणा दुकान आप्पांचं होतं. आप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात मोठ्या खिशाची बंडी, सोमवारचा कडक उपास आणि तोंडात सगळ्या गावाची खबर. पंचक्रोशीतून लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या मापासाठी. आप्पांकडून पावशेर डाळ आणली की घरी ती पावशेराच्या वर भरायची. तराजूचा काटा बरोबर मध्ये आला की थांबणं त्यांना जमतच नसे. वर आणखी मूठभर टाकून पारडं चांगलं खाली गेल्यावरच त्यांचा हात थांबायचा. मुलानं आकडे दाखवणारा नवा काटा आणून दिला होता, पण सुटा माल ते जुन्या तराजूतच जोखत. नव्या काट्याला झुकताच येत नाही, ही त्यांची तक्रार होती.

त्यांना एकच नात, दीड वर्षांची. तिला सगळे मालकीण म्हणायचे, कारण ती दिवसभर दुकानाच्या गादीवर, साखरेच्या पोत्याला टेकून बसलेली असे. आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. बाप टेम्पो घेऊन मालासाठी कधी बीडला, कधी बार्शीला. घरात आई आणि दुकानात आजोबा, एवढंच तिचं जग होतं. अन् त्या जगात बरण्याच बरण्या होत्या.

एकदा मी कपड्याचा साबण आणायला गेले आणि मालकिणीकडे पाहतच राहिले. मध्ये महिनाभर तिला हगवण लागली होती, हे मला माहीत होतं. पण आता तिचे दंड माझ्या दोन बोटांत मावतील एवढे झाले होते. डोकं तेवढं मोठं दिसत होतं. हातात चहात बुडवलेलं बिस्किट, पुढ्यात रंगीत, कुरकुरीत पोंग्यांचं फोडलेलं पाकीट. माझ्या पर्समध्ये दंड मोजायची पट्टी नेहमी असते. बाकीच्या बायका लिपस्टिक ठेवतात, मी पट्टी ठेवते. त्या पट्टीवर तीन रंग असतात. हिरवा आला की लेकरू ठीक, पिवळा आला की सांभाळा, लाल आला की जिवाला धोका. मी पट्टी लावली तर लाल.

"आप्पा, लाल आलं हो," मी म्हणाले.

आप्पांनी चष्मा वर करून पाहिलं. "लाल म्हंजी कुंकवाचा रंग. चांगलं हाय की."

"कुंकू न्हाई आप्पा, सिग्नल हाय ह्यो. थांबा म्हनून सांगायलाय."

"आपल्या गावात सिग्नल कुठं हाय?" आप्पा म्हणाले, आणि दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली.

हसण्यावारी गेलं की माझं डोकं फिरतं. मी पदर धरला आणि पोरगी कुपोषित आहे, तेही तीव्र, असं चार माणसांत मोठ्यानं सांगून टाकलं. तिथे मी चुकले. हे घरात जाऊन सांगायला हवं होतं. आप्पांचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"सगळ्या गावाला मी खाऊ घालतो, अन् माझी नात उपाशी? उद्या म्हनाल, हिरीला तहान लागली!"

"उपाशी न्हाई म्हनत मी. पोट भरतंय तिचं, पर बिस्किटानं. अंगाला काय लागनार त्याच्यानं?"

"ती मागती ते देतो. मालकीण हाय ती. तिला न्हाई म्हनू का मी?"

आतल्या दारात तिची आई उभी होती. विशी नुकतीच ओलांडलेली, हडकुळी, डोळ्यांनी बोलणारी. तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की तिला माझं सगळं पटतंय हे मला कळलं.  पण त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर ती पोरीला कडेवर घ्यायची आणि म्हणायची, "मालकीण, आजोबाला सांग, जेवन वाढलंय." आप्पाही पोरीकडे बघून उत्तर द्यायचे, "मालकीण, आईला म्हनावं, आलो." मालकिणीला अजून धड 'आई'सुद्धा म्हणता येत नव्हतं, पण घरातला सगळा टपालाचा कारभार तिच्याकडे होता.

आता ती बिस्किटं बंद करा, हे त्या बिचारीनं कुणामार्फत सांगायचं? ती सकाळी वरण-भात मऊ करून आणायची आणि पोरगी तोंड फिरवायची, कारण तिचं पोट दुकान उघडल्यापासून भरत आलेलं असायचं.

मी म्हणाले, निदान अंगणवाडीत आणून तिचं वजन तरी करू द्या, दर आठवड्याला. त्यावर आप्पांनी हातातला तराजू खाली ठेवला.

"बाई, जोखतात ते विकायला. लेकरू कुनी जोखत न्हाई."

दिवसभर दहा गोष्टी जोखणारा माणूस मला हे सांगत होता. साबण न घेताच मी घरी आले आणि भाकरी अशा थापल्या की नवरा म्हणाला, "ती भाकर मेली, आता सोड तिला." मला हसू आलं. हसू आलं की माझं डोकं चालतं, हा माझा अनुभव आहे. तव्यावरची भाकरी उलटताना एकदम सुचलं, की माणूस जोखतात की! देवासमोर जोखतात. नवस फेडायला गूळतुला करतात, एका पारड्यात माणूस आणि एका पारड्यात गूळ. ते जोखणं कुणाला अशुभ वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, पदर नीट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आप्पांशी गोड बोलले.

"आप्पा, मालकिणीची गूळतुला करा. दर सोमवारी. जेवढी भरंल तेवढा गूळ अंगणवाडीच्या लेकरांना द्या. म्हादेवाला आवडंल."

आप्पांच्या डोळ्यांत चमक आली. पण वाणी तो वाणी, त्यांनी विचारलं, "तुमचं काय यात?"

"मला फकस्त आकडा पायजे. अन् बिस्किट बंद. तिची आई दोन-दोन तासानं जे करून देईल तेच खायचं. खिचडी, वरन, शेंगदान्याचा कूट, दूध-भाकर, वरून तूप."

"दिलं वचन," आप्पा म्हणाले. आतल्या दारातली बांगडी वाजली.

पहिल्या सोमवारी दुकानात सणासारखी गर्दी जमली. मोठा तराजू आढ्याला टांगला, एका पारड्यात मऊ धोतराची घडी घालून मालकिणीला बसवलं. नुकतीच गुऱ्हाळं सुरू झालेली, ताज्या गुळाच्या ढेपा फोडून ठेवलेल्या. आप्पांनी पहिला खडा टाकला. व्यापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ!" आप्पा ओरडले आणि सगळ्यांनी "हर हर महादेव" केलं. दोन, तीन, चार करत गूळ चढला, मालकीण अधांतरी झाली. तिचा चेहरा मात्र काही हलला नाही. जिकडे बसवाल तिकडे बसायची ती. मग तो गूळ नव्या काट्यावर ठेवला आणि आकडा आला, साडेसहा किलो. मी अंगणवाडीच्या मोबाइलमध्ये भरला.

दुसऱ्या सोमवारी सहा किलो सातशे ग्रॅम. तिसऱ्या सोमवारी सात किलोला थोडं कमी. चौथ्या सोमवारी सातच्या वर! मोबाइलमधली रेघ चढायला लागली आणि मीही चढले. महिन्याच्या बैठकीला बाकीच्या सेविकांना मी गूळतुलेची युक्ती अशी रंगवून सांगितली की त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर विचारलं, आमच्या गावात वाणी नाही, शेंगांवर चालेल का? मी म्हणाले, चालेल. मला तेव्हा सगळंच चालत होतं.

इकडे अंगणवाडीत दर आठवड्याला मोठं गाठोडं भरून गूळ यायचा. आम्ही त्याचे शेंगदाण्याचे लाडू वळायचो. पोरांचे गाल वर आले. मंगळवारी हजेरीपट भरून वाहायचा. पाळण्यातल्या भावाला कडेवर घेऊन येणाऱ्या पोरी स्वतःचा लाडू खायच्या आणि भावाच्या नावाचाही मागून घ्यायच्या. त्या भावाला दात नव्हते, पण मी देऊन टाकायची. मालकिणीच्या वजनावर सगळं गाव बाळसं धरत होतं.

दंडाची पट्टी मी त्या महिन्यात पुन्हा लावली नाही. आप्पा म्हणायचे, दंडाचं माप शिंप्यानं घ्यावं, देवाच्या कामात पट्टी कशाला. आणि मला तरी कशाला हवी होती? आकडा माझ्या बाजूचा होता. आकडा आपल्या बाजूचा असला की माणूस डोळे मिटून घेतो. मी तर दोन्ही मिटले.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, लेकरं खाऊन घरी गेल्यावर मालकिणीची आई अंगणवाडीत आली. पोरगी कडेवर होती. तिनं माझ्या टेबलावर एक चांदीचा वाळा ठेवला.

"हे काय?"

"तिच्या पायातला हाय. दिवाळीला एवढा घट्ट व्हता, की तेल लावूनबी निघंना. आता कडेवर घेतली तरी गळून पडतोय."

"असं कसं? वजन तर वाढतंय तिचं. आठवड्याला दोनशे ग्रॅम वाढतंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "बाई," ती म्हणाली, "आमच्या आप्पानी आयुष्यात कधी सरळ काटा धरलाय का?"

मी तशीच खुर्चीत बसले. सोमवारची ती सगळी दृश्यं माझ्या डोळ्यांपुढे आली. पारडी समान झाल्यावरही आप्पांचा हात थांबत नव्हता. देवाचं काम, लेकरांचं तोंड, गर्दीतून कुणीतरी ओरडायचं, "आप्पा, हात आखडता घेऊ नका!" आणि आप्पा आणखी एक खडा टाकायचे. दर सोमवारी गर्दी वाढत होती, तसे खडेही वाढत होते. मी मोबाइलमध्ये भरत होते ते वजन गुळाचं होतं, पोरीचं नव्हतं. सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं की आप्पा झुकतं माप देतात. मी स्वतः त्यांच्याकडून पावशेराच्या भावात सहा छटाक डाळ आणत आले होते. आणि तरी मला कळलं नव्हतं.

अंगणवाडीचा काटा कपाटातून काढला. पोरीला त्यावर ठेवलं. सहा किलोलाही शंभर ग्रॅम कमी. पट्टी लावली, लालच होती, आणि आधीपेक्षा आत गेलेली.  टाळ्या आठवल्या आणि मला माझी इतकी लाज वाटली की त्या पोरीच्या आईकडे बघवेना.

"अन् बिस्किट?" मी विचारलं.

"बंडीच्या खिशात असतंय. एकच देतो म्हनत्यात. दिवसातून धा बारी एकच."

आता घरी ठेवण्यात अर्थ नव्हता. बीडच्या सरकारी दवाखान्यात अशा लेकरांसाठी वेगळा वॉर्ड असतो. आईसकट चौदा दिवस ठेवून घेतात, औषध आणि खाणं दोन्ही देतात. मी तिला म्हणाले, चल, मी बोलते आप्पांशी. आज पदर पडला तरी चालेल.

रस्ताभर मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. चांगलं जहाल भाषण तयार झालं होतं. पण दुकानात पोचलो आणि मी तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली. तिनं पोरीला कडेवर नीट घेतलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"मालकीण, आजोबाला सांग, आपल्याला बीडला..."

आणि ती थांबली. पोरीचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं. डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. मग तिनं मान वर केली आणि सरळ आप्पांच्या डोळ्यांत पाहिलं.

"आप्पा, ही न्हाई राह्यली तर मी तुमच्याशी कुनाच्या तोंडून बोलू?"

दुकानात मी होते आणि रवा घ्यायला आलेली एक बाई होती. दोघींनीही आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी सुनेचा आवाज लग्न होऊन तीन वर्षं ऐकला होता, पण तो असा स्वतःकडे वळलेला कधी ऐकला नव्हता. ते गादीवरून उठले, पुन्हा बसले. मी हळूच वाळ्याचं आणि काट्याचं सांगितलं. भाषण कुठल्या कुठे गेलं, माझा आवाजसुद्धा बारीक झाला होता. झुकतं माप म्हटल्यावर त्यांनी तराजूकडे पाहिलं, बंडीच्या खिशात हात घातला आणि बिस्किटाचा पुडा काढून गादीवर ठेवला.

"मी तिला कमी पडू नये म्हनून..." एवढंच ते म्हणाले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "बीडची गाडी किती वाजता हाय?"

पोरीचा बाप टेम्पो घेऊन बार्शीला गेलेला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो, चौघंजण. आप्पांच्या मांडीवर दोन किलोचा तुपाचा डबा होता. मी म्हणाले, हे कशाला? ते म्हणाले, सरकारी जेवणात तूप कुठलं असायला? पालीजवळ तलावाचं पाणी दिसलं तसं त्यांनी पोरीला खिडकीशी धरलं आणि पाणी, पक्षी, मोटारी असं सगळं तिला दाखवत राहिले. ती बघत नव्हती. ते दाखवायचं थांबत नव्हते. मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि मला गाडीत रडायला आवडत नाही.

वॉर्डातली सिस्टर माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा तापट निघाली. मला ती बघताक्षणी आवडली. तिनं वजन केलं, उंची घेतली, आप्पांचा डबा पाहिला आणि विचारलं, "हे कशाला?"

"तूप हाय. घरचं."

"घरी घेऊन जा, आजोबा."

मग तिनं एका पेल्यात औषधी दूध मोजलं. पेल्यावर रेघा होत्या. ती वाकून, डोळा रेघेच्या पातळीला आणून बघत होती. पेल्यात जेमतेम चार घोट होते.

आप्पांना राहवेना. "सिस्टर, एवढुसंच? थोडं वर टाका की."

"वर काही नाही. इतक्या अशक्त लेकरांनी एकदम जास्त खाल्लं तर ती दगावतात. दोन तासांनी एवढंच, परत दोन तासांनी एवढंच. पचायला लागलं की मग वाढवू."

आप्पा त्या रेघेकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्या हातानं वर मूठभर टाकली, तो हात त्यांनी पाठीमागे धरून ठेवला होता. सिस्टरनं कागद पुढे ओढला आणि एकेक प्रश्न विचारायला लागली. ताप येतो का, जुलाब किती दिवस होते, रडते का.

"न्हाई वो," आप्पा कौतुकानं म्हणाले, "लई शानी हाय. कधीच रडत न्हाई."

सिस्टरनं लिहिणं थांबवलं. "आजोबा, रडायलाही ताकद लागते. हिच्यात ती नाही. ही रडली ना, की समजा आपण जिंकलो."

मायलेकींना वॉर्डात ठेवून मी आणि आप्पा परत निघालो. गावाच्या फाट्यावर उतरताना ते म्हणाले, "आपुन सगळ्यांना सांगत सुटलो व्हतो, आमची पोरगी लई गुनाची हाय, रडत न्हाई म्हनून." डबा त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी जाताजाता माझ्या हातात दिला आणि अंगणवाडीत वापरा म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी आप्पा अंगणवाडीच्या दारात. फोन त्यांच्याकडेही होता, सून त्यांनाही रोज फोन करत होती, पण त्यांना माझ्याकडून ऐकायचं असे. "रडली का?" हा एकच प्रश्न. नाही म्हटलं की मान हलवून जायचे. तिसऱ्या दिवशी गावातही पसरलं. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, मालकीण रडली का. कुणाचं लेकरू रडावं म्हणून सगळं गाव वाट बघतंय, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एकानं तर चावडीवर सल्ला दिला, माझं पोरगं दोन दिवस तिकडं ठिवा, ऐकून ऐकून शिकंल. मी हसले, पण चौथा दिवसही तसाच गेला तेव्हा हसू संपलं. दूध पोटात राहत होतं, जुलाब थांबले होते, पण पोरगी आढ्याकडे बघत पडून होती. सोमवारी गूळतुला झाली नाही. आप्पांनी लेकरांसाठी गूळ पाठवला. किती होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सातव्या दिवशी मी कपडे घेऊन बीडला गेले. आदल्या दिवसापासून सिस्टरनं पातळ खिमट सुरू केलं होतं, तेही मोजूनच. मी पोचले तेव्हा वाटपाची वेळ झाली होती. ओळीतल्या पहिल्या खाटेवरच्या लेकराला सिस्टर वाटी देत होती. आमची खाट चौथी. मी पिशवीतून झबली काढत होते, तेवढ्यात तिच्या आईनं माझा हात घट्ट धरला.

पोरगी आढ्याकडे बघत नव्हती. ती वाटीकडे बघत होती. पहिल्या खाटेवरून वाटी दुसऱ्या खाटेकडे गेली, तशी तिची मान वळली. तिसऱ्या खाटेशी वाटी थांबली, तशी तिची हनुवटी थरथरली. आणि मग तिनं तोंड उघडलं. आधी नुसता मांजराच्या पिलासारखा आवाज आला. मग मोठा श्वास घेतला आणि जी काही बोंब ठोकली, ती अख्ख्या वॉर्डानं ऐकली. लाथा काय झाडल्या, उशाशी ठेवलेला चमचा काय फेकला! तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसायला लागल्या. सिस्टर तिकडूनच ओरडली, "अगं बाई, भूक लागली मालकिणीला! आले, आले!"

तिची आई हसत होती आणि रडत होती. तिनं फोन लावला. पलीकडून आप्पांचा "हालो" ऐकू आला. मागे दुकानातला गलका होता, कुणीतरी मिरची मागत होतं.

"आप्पा, ऐका," ती म्हणाली, आणि फोन पोरीच्या तोंडाशी धरला.

पलीकडचा गलका हळूहळू बंद झाला. मिरचीवाला गप्प झाला. आप्पांनी बहुतेक सगळ्यांना हातानं थांबवलं असावं. पोरगी रडत होती आणि दुकान ऐकत होतं. मी फोनशी वाकून विचारलं, "आप्पा, ऐकू येतंय का?"

"येतंय. ठिवू नका, बाई. रडू द्या तिला." 

सिस्टर आली. तिनं पहिला चमचा पोरीच्या तोंडात घातला आणि रडणं मध्येच तुटलं. वॉर्डात एकदम शांत झालं. फोनमधून आप्पा घाबरून ओरडले, "बाई! काय झालं? कावून गप झाली ती?"

मी फोन हातात घेतला. 

"काय न्हाई झालं आप्पा," मी म्हणाले, "तिच्या तोंडात घास हाय."